नव्याचे नऊ दिवस संपल्यावर: कोकणच्या वर्षात टिकणारी सवय

जानेवारीतल्या कुठल्याही सकाळी सहा-साडेसहाला रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर गेलात तर चालणाऱ्यांची चांगली वर्दळ दिसते. कानटोपी घातलेले निवृत्त मास्तर, जोडीजोडीने बोलत चालणाऱ्या बायका, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं. मालवणच्या चिवला बीचवर, वेंगुर्ल्याच्या बंदरावर, दापोलीकडे मुरूडच्या पुळणीत साधारण हेच चित्र. मार्चमध्ये उकाडा वाढतो, आंब्याची कामं अंगावर येतात, आणि ही वर्दळ निम्मी होते. मे महिन्यात घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. जूनमध्ये पाऊस उतरला की उरलेसुरलेही घरी बसतात. मग लावणी, मग श्रावण, मग गणपती. यातले बरेचजण पुन्हा किनाऱ्यावर दिसतात ते पुढच्या जानेवारीत, नवा संकल्प घेऊन.

आरोग्याच्या सवयींवर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक सुरुवातीबद्दल असतं. पहाटे कसं उठावं, किती चालावं, ताटात काय असावं. सुरुवात करणारे आपल्याकडे भरपूर आहेत. मोडल्यावर काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि कोकणात ती मोडणारच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोज पहाटे तासभर चालणार, भात बंद, गोड बंद, तळलेलं बंद, अशी योजना आखताना आपण जानेवारीचं हवामान आणि जानेवारीचं मोकळं घर गृहीत धरतो. जुलैत ती कोसळली की लोक स्वतःला दोष देतात: माझ्यात चिकाटीच नाही. मला हा दोष अन्यायाचा वाटतो. चिकाटी होती तेवढीच असते. योजना वर्षाच्या एकाच तुकड्यासाठी शिवलेली होती.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट पटवायची आहे. सवय पूर्ण मापाने पाळण्यापेक्षा ती कमी मापाने का होईना, चालू राहणं जास्त महत्त्वाचं आहे. हे मनाची समजूत घालायला सांगत नाही. मेंदू सवय कशी शिकतो आणि शरीर व्यायामाला कसा प्रतिसाद देतं, या दोन्हीकडे पाहिलं की हेच निघतं.

सवय लागते म्हणजे नेमकं काय होतं

ज्या कामासाठी रोज नव्याने ठरवावं लागत नाही, ती सवय. जेवायला बसण्याआधी आपण हात धुतो तेव्हा मनात वाद घालत नाही. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे. एखादी कृती त्याच प्रसंगी, त्याच जागी पुन्हा पुन्हा झाली की तिचा कारभार हळूहळू या भागाकडे जातो. मग तो प्रसंग आला की कृती आपसूक सुरू होते, इच्छाशक्ती खर्ची पडत नाही.

याला किती दिवस लागतात? २१ दिवस, असं सगळीकडे ऐकू येतं. हा आकडा १९६० मधल्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात, असं त्याला दिसलं होतं. पुढे ‘निदान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला, आणि आकडा तेवढा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकाने एकेक साधी गोष्ट निवडली, जसं की दुपारच्या जेवणासोबत एक फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं, आणि १२ आठवडे रोज नोंदवलं की ती किती आपसूक होतेय. ती पुरती अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस. पण माणसामाणसांत फरक प्रचंड. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या सवयींना जास्त वेळ लागला.

या अभ्यासातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस साधारण होता तिथूनच पुढे गेला. फारच अनियमित राहिलेल्यांना मात्र ती लागली नाही. म्हणजे खंड चालतो, पसारा चालत नाही.

मेंदू इथे जोडी शिकत असतो: हा प्रसंग, म्हणून ही कृती. यावरून मी स्वतः एक निष्कर्ष काढते. कृती तासभर झाली की सात मिनिटं, याने शरीराला फरक पडेल, पण जोडी टिकायला सात मिनिटंही पुरतात. आणि ज्या दिवशी तास मिळणार नाही म्हणून आपण काहीच करत नाही, त्या दिवशी प्रसंग येतो आणि कृतीविना निघून जातो. असे दिवस सलग साठले की जोडी सैल होते.

आता पावसाळा काय करतो ते बघा. वेंडी वुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली, एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम करणं, पेपर वाचणं, टीव्ही बघणं या सवयी तपासल्या. नव्या ठिकाणी परिस्थिती जुन्यासारखी राहिली, तिथे सवयी टिकल्या. परिस्थिती बदलली, तिथे त्या विस्कटल्या. आपल्याकडे गाव न सोडताच दर जूनला परिस्थिती बदलते. उजेड पडायची वेळ आभाळात हरवते. पुळण भरतीखाली जाते. दाराशी असलेल्या चालायच्या चपलांच्या जागी पावसाळी चपला येतात. सोबतीण लावणीला जाते. ज्या ज्या खुणांनी पाऊल बाहेर पडत होतं, त्या सगळ्या एका आठवड्यात नाहीशा होतात. सवय मोडली याचं आश्चर्य वाटायला नको.

त्यामुळे बारमाही सवय हवी असेल तर तिची खूण बारमाही हवी. पहाट, किनारा, कोरडा रस्ता या खुणा सहा-सात महिन्यांच्या आहेत. चहा, दोन वेळचं जेवण, दात घासणं, तिन्हीसांजेचा दिवा या खुणा पाऊस असो वा पाहुणे, चुकत नाहीत.

आमच्या शेजारच्या काकींकडे हे मी रोज बघते. साठी ओलांडलेली, डायबेटिस आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पावसाळ्यात देवाकडे दिवा लावून झाला की त्या पदर खोचून पडवीत येतात. पडवीला इकडे लोटो म्हणतात. एका टोकाला ताडपत्रीखाली लाकडं रचलेली, दुसऱ्या टोकाला दोरीवर न वाळणारे टॉवेल. पागोळ्यांचा आवाज इतका की हाक मारली तर ऐकू येत नाही. टॉवेलांपाशी पोचल्या की डोकं वाकवून वळायचं, लाकडांपाशी हात टेकून वळायचं. कधी बराच वेळ, कधी सूनबाईंनी हाक मारली की लगेच आत. एकदा मी विचारलं, आज एवढ्यात संपलं? तर म्हणाल्या, “काय नाय जमला तर धा फेरे. धा नाय तर पाच. पण दिवो लावल्यार एकदा फिरूचाच.” सवयीच्या अभ्यासातलं सार या तीन वाक्यांत आलं आहे. फेरे कमीजास्त होतात, दिव्याची आणि फेऱ्यांची गाठ सुटत नाही.

शरीर पहिल्या मिनिटांना जास्त मोल देतं

कमी मापाबद्दल मनात शंका असते: पाच-दहा मिनिटांनी काय होणार? ही शंका रास्त आहे आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं.

तैवानमध्ये चार लाखांहून जास्त लोकांची अनेक वर्षं नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा रोज साधारण १५ मिनिटं मध्यम गतीची हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं आणि त्यांचं अपेक्षित आयुष्य सुमारे तीन वर्षांनी जास्त होतं. त्यापुढच्या प्रत्येक १५ मिनिटांनी मृत्यूचं प्रमाण आणखी ४ टक्क्यांनी घटलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पहिल्या पाव तासाला १४, पुढच्या पाव तासाला ४. शून्यावरून थोड्यावर येण्यात सगळ्यात मोठी उडी आहे.

पावलांचंही तसंच. दिवसाला १०,००० पावलांचं जे लक्ष्य फोन दाखवतो, ते मूळचं १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातलं आहे. वैद्यकीय संशोधनातून तो आकडा निघालेला नव्हता. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ साली सोळा हजारांहून अधिक वयस्कर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. फायदा वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास तो थांबला.

हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जे मुळात धडधाकट असतात ते जास्त चालतात, हाही भाग त्यात असणार, आणि संशोधक तो जमेल तितका वजा करतात. तरीही अनेक देशांतल्या अभ्यासांत आलेखाचा आकार असाच निघतो: सुरुवातीला उभा चढ, पुढे सपाट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सुचवली, पण सोबत हेही स्पष्ट केलं की अजिबात न करण्यापेक्षा थोडी केलेली बरी. पूर्वी सलग १० मिनिटांची अट होती, तीही काढून टाकली. म्हणजे सकाळी सहा मिनिटं आणि संध्याकाळी आठ मिनिटं ही आता अधिकृतपणे १४ मिनिटं आहेत.

यात कामाची हालचालही धरली जाते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी केलेल्या बाईला संध्याकाळी वेगळं चालायला सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला पाठ टेकायला मिळायला हवी. आरोग्याचे सल्ले बहुतेक खुर्चीत बसणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, आणि गावात ते जसेच्या तसे वाटले जातात. अर्थात आता गावातही खुर्च्या वाढल्या आहेत. शेत पडीक, दाराशी स्कूटर, बाजार घरपोच. २०२२ च्या आकड्यांवर आधारलेल्या एका जागतिक पाहणीत भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं: पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. स्त्रियांचा आकडा मोठा आहे यात मला नवल वाटत नाही. घरच्या बाईचा सलग एक तास कुणीच मोकळा सोडत नाही. तिच्यासाठी तुकड्यातुकड्यांचा व्यायाम हाच खरा व्यायाम आहे.

डायबेटिस असलेल्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. स्नायू काम करतात तेव्हा ते इन्शुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढून घेतात. जेवणानंतर साखर वर चढत असते, नेमक्या त्याच वेळी दहा-पंधरा मिनिटं चाललं तर तो चढ कमी होतो. २०१३ मधल्या एका लहानशा अभ्यासात, साखर वाढण्याचा धोका असलेल्या वयस्कर लोकांना तीन जेवणांनंतर प्रत्येकी १५ मिनिटं चालवलं. दिवसभराच्या साखरेवर त्याचा परिणाम सकाळी सलग ४५ मिनिटं चालण्याइतकाच चांगला झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर त्याहून सरस. शिवाय व्यायामानंतर शरीर इन्शुलिनला जो चांगला प्रतिसाद देतं, तो एक ते तीन दिवस टिकतो, मग उतरतो. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते की सलग दोन दिवसांहून जास्त काळ व्यायामाविना जाऊ देऊ नका. रविवारी तीन तास चालून आठवडा भागवता येत नाही, त्याचं कारण हे.

दम आणि ताकद यांची गोष्ट थोडी सैल आहे. तीन-चार आठवडे थांबलात तर दम लवकर लागतो, ताकद त्याहून सावकाश उतरते. शून्यावर काही जात नाही. गणपतीनंतर पहिल्यांदा घराची पाखाडी चढताना धाप लागली म्हणून सहा महिने फुकट गेले असं समजू नका. पुन्हा नेम धरला की ते लवकर भरून येतं.

“आता गेलंच ना, मग होऊ दे”

खाण्याच्या बाबतीत नेम मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. तिथे पाऊस आडवा येत नाही, एक वाक्य येतं.

१९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला. चव तपासायची आहे असं सांगून काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. हवं तितकं खा. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. ज्या डाएट करत होत्या त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक न प्यायलेल्या डाएटवाल्यांपेक्षा प्यायलेल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. आजचा नेम मोडलाच आहे, मग आता कशाला मागे राहा!

हे आपल्या घरी चतुर्थीला घडतं. साखर बंद केलेला माणूस दुपारी पानात पडलेला एक उकडीचा मोदक खातो. देवाचा नैवेद्य, नाही कसं म्हणणार, आणि म्हणूही नये. त्या एका मोदकाने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या मागून मनात येणाऱ्या वाक्याने: आता विसर्जनापर्यंत राहू दे, नंतर बघू. तिथून पाच-सात-अकरा दिवस करंज्या, लाडू, रात्रीच्या भजनानंतरची उसळ-पाव, चहाच्या फेऱ्या. विसर्जन झाल्यावर पितृपक्ष येतो, मग नवरात्र, आणि ‘नंतर’ काही उगवत नाही. मोदकांच्या दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमीची भाजी असते, अळू, माठ, भेंडी, दोडका, सुरण, मक्याचं कणीस घातलेली. आठवड्यातलं सगळ्यात उत्तम जेवण ताटात आलेलं असतं आणि आपण मात्र आठवडा बुडाला असं धरून चाललेलो असतो.

‘बंद’ हा शब्द नियमातून काढला तर ही घसरण बरीच थांबते. कोकणात भात बंद करणं म्हणजे रोज दोनदा मोडायची सोय करून ठेवणं. घरात बांगड्याचं तिखलं शिजत असताना भाताशिवाय बसलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीन वाढी घेतो. त्यापेक्षा भाताची एक वाढी ठरलेली, सोबत भाजी आणि मासा जास्त, एका वेळी नाचणीची भाकरी, हे वर्षानुवर्षं निभतं. सुक्या मासळीचंही तसंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरात सुकट, बोंबील, खारा बांगडा येतो, आणि बीपीवाल्यांना डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचाही नाही. सुका मासा जन्मात खाणार नाही अशी शपथ घेणाऱ्यांपेक्षा, तो आधी भिजवून पाणी टाकून देणारे, कालवणात वरून मीठ न घालणारे आणि त्या दिवशी लोणचं-पापड न घेणारे लोक मला जास्त टिकलेले दिसतात.

दोन मापं ठरवा

प्रत्यक्षात करायचं काय? प्रत्येक सवयीला दोन मापं द्या: एक भरतीचं, एक ओहोटीचं. भरतीचं म्हणजे सगळं जुळून आलेल्या दिवसाचं, समजा चाळीस मिनिटं किनाऱ्यावर. ओहोटीचं म्हणजे सगळ्यात वाईट दिवशीही निभेल असं: पडवीत पाच मिनिटं, किंवा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. ओहोटीचं माप ठरवताना मनात लाज आणू नका. इतकं छोटं की न करायला निमित्तच सापडू नये, एवढं छोटं ते हवं. आणि ते केलेला दिवस पुरा धरायचा.

दुसरं, अडचणी आधीच सांगून येतात, तर त्यांची उत्तरंही आधीच ठरवून ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं की ‘मी व्यायाम करीन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं ठरवलेलं प्रत्यक्षात जास्त उतरतं. मे महिन्यातच आपण तांदूळ, कडधान्यं, मसाला, लाकडं भरून पावसाळ्याची बेगमी करतो. त्याच बैठकीत हेही ठरवून टाका. पाऊस असेल तर पडवीत. पाहुणे असतील तर त्यांना एसटी स्टँडपर्यंत चालत सोडायला जाणं. रात्री भजनाला जागरण झालं तर सकाळचं सोडून दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं. पडवीही नसेल, फ्लॅट असेल, तर जिना आहे, गॅलरी आहे.

पावसात बाहेर पडण्याचा हट्ट मात्र करू नये. शेवाळलेला जांभा आणि पाखाडीच्या ओल्या पायऱ्या यांच्यावर पाय सरकून मोडलेलं खुब्याचं हाड सहा महिने अंथरुणात ठेवतं. साठीनंतर नेम राखण्यासाठी असा धोका पत्करणं शहाणपणाचं नाही.

मोठा खंड पडल्यावर परत येताना लोक हमखास भरतीच्या मापाने येतात, बुडालेलं एका दिवसात भरून काढायला. गुडघा धरतो, पोटऱ्या आखडतात, आणि पुन्हा आठवडा जातो. परतीचा पहिला आठवडा ओहोटीच्या मापाचाच ठेवा.

नोंद ठेवायची तर भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. काहीही केलं त्या दिवशी तारखेखाली एक रेघ. फोनवरची काही ॲप सलग किती दिवस झाले ते मोजतात, आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतात. शरीरात तसं काहीच शून्यावर गेलेलं नसतं, मनाला मात्र मिल्कशेक प्यायलेल्या मुलींसारखं वाटतं. त्यापेक्षा महिन्याच्या शेवटी दोन गोष्टी बघा: एकूण रेघा किती, आणि सगळ्यात लांब कोरी ओळ किती दिवसांची. पुढच्या महिन्यात ती कोरी ओळ आखूड करायची.

जिथे हे लागू नाही

बीपीच्या, डायबेटिसच्या, थायरॉइडच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांना हा नियम लावू नका. तिथे ओहोटीचं माप नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तसंच, रोज. बरं वाटतंय म्हणून अर्धी गोळी घेणं घातक आहे.

तंबाखूचंही वेगळं. आपल्याकडे सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूळ न भरणाऱ्या कितीतरी बायका आहेत, आणि ‘थोडीशीच लावते’ असं त्या सांगतात. तंबाखूच्या बाबतीत उभा चढ उलट्या बाजूने असतो. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात, दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जो धोका वाढतो त्याचा जवळपास निम्मा एकाच सिगारेटने वाढतो असं दिसलं. म्हणून कमी करून भागत नाही, सोडावीच लागते. पण सोडताना मधे एखाद्या दिवशी बोट डबीत गेलं, तर ‘आता गेलंच’ म्हणून डबी पुन्हा उशाशी घेऊ नये. बहुतेकांना सोडायला एकाहून जास्त प्रयत्न लागतात.

तपासणीचा कागद काय सांगतो

रक्त तपासायच्या आधी दोन दिवस पथ्याने राहणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा त्याने थोडा साजरा होतोही. एचबीए१सी ही तपासणी मात्र अशी फसत नाही. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा. दोन दिवसांच्या पथ्याने तो फारसा हलत नाही, आणि एका मोदकाने तर मुळीच नाही. रोजचं थोडं त्यात दिसतं.

किनारपट्टीवर या तपासणीची गरज किती आहे ते २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशव्यापी पाहणीतून कळतं. देशात प्रौढांमध्ये डायबेटिसचं प्रमाण ११.४ टक्के निघालं, आणि सगळ्या राज्यांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. तेच मासे, तोच भात, तोच पावसाळा.

डायबेटिस आटोक्यात असलेल्यांनीही एचबीए१सी वर्षातून निदान दोनदा करावी असं सांगितलं जातं. त्या दोन वेळा आपल्या वर्षाप्रमाणे निवडता येतील. एक ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे जून ते ऑगस्टचा हिशोब लागेल. दुसरी फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे थंडीतल्या चांगल्या दिवसांचा. दोन आकड्यांत फरक जास्त असेल तर पावसाळ्यातलं ओहोटीचं माप अपुरं पडतंय किंवा पाळलंच जात नाही, आणि पुढच्या मे महिन्यात ते बदलायला हवं. रक्त कमी असेल, अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हा आकडा चुकीचा येऊ शकतो, तसं डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवा, सोबत कालनिर्णयची त्या महिन्यांची पानंही, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना फाइल घेऊन जा.